लास्ट सीन 7.40

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एरवी तीनच विषय असतात: पाणी, पार्किंग आणि शुभ सकाळ. परवाच्या रविवारी संध्याकाळी सव्वासहाला चौथा आला. 'बी विंगमधला आमचा मुलगा क्लासहून घरी आला नाही. कोणी पाहिला का?' मुलाच्या आईचा मेसेज. एक ओळ आणि पुढे जोडलेले दोन हात.

प्रश्न सोपा होता. पाहिला असेल तर हो म्हणायचं, नसेल तर गप्प बसायचं. कोणीच पाहिला नव्हता. म्हणून सगळे बोलायला लागले.

पोराचं नाव मी सांगणार नाही. हरवलेल्या किंवा घर सोडून गेलेल्या अल्पवयीन मुलाची ओळख जाहीर करायला बाल न्याय कायद्याचं कलम 74 मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सोसायटीचं नावही सांगत नाही. सेलवासातली कुठलीही धरा, आमलीतली धरा नाहीतर टोकरखाड्याची. असा एक पोरगा आणि असा एक ग्रुप तुम्हाला तिथे मिळेलच. आमच्या ग्रुपने मात्र पहिल्या सात मिनिटांत पोराचा फोटो, शाळा, इयत्ता, वडिलांची कंपनी, आईचा नंबर आणि सराव परीक्षेत गणितात पडलेले मार्क एवढा मजकूर चव्हाट्यावर मांडला. मार्क तर बापालाही तिथेच कळले.

तपासाची सूत्रं तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी हाती घेतली. काका यार्नच्या कारखान्यात शिफ्ट इनचार्ज होते. मशीनच्या आवाजावरून धागा कुठे तुटला ते ओळखायचे म्हणे. 'धागेदोरे' या शब्दावर पोलिसांच्या आधी त्यांचा हक्क. त्यांनी पहिला धागा टाकला: 'साडेपाचला गेटसमोर पांढरी इको उभी होती. जीजे-15.'

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, जीजे-15 म्हणजे वलसाड जिल्हा आणि वलसाड जिल्हा म्हणजे वापी. वापी इथून पंधरा-सोळा किलोमीटरवर. या पाटीवरून संशय घ्यायचा तर किलवणी नाक्यावरचा दूधवालासुद्धा आरोपी ठरतो. शिवाय तो रविवार. गुजरातेत दारूबंदी, आमच्याकडे नाही. त्यामुळे रविवारी इथे जीजे पाटीच्या गाड्यांची जत्रा असते आणि संध्याकाळी परतणारी माणसं थोडी घाबरलेली, थोडी घाईत आणि डिकीकडे वारंवार पाहणारी असतात. संशयास्पद दिसण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. दहा मिनिटांत इकोच्या जोडीला एक एमएच-48 आली, मग एक नंबर नसलेली बुलेट आली. पहिल्या मजल्यावरच्या काकूंना ती इको मंगळवारीही दिसली होती. बुधवारी ती दिसली नाही, हे त्यांना जास्त गंभीर वाटलं.

मीही मागे नव्हतो. पोरगा महिन्याभरापूर्वी लिफ्टमध्ये मला म्हणाला होता, 'काका, दमणची बस कितीला असते?' मी ग्रुपवर लिहिलं, 'दमणच्या बाजूला चौकशी व्हावी. सध्या एवढंच सांगतो.' या 'सध्या एवढंच'ची नशा ज्याने चाखली आहे त्यालाच कळेल. चौदा जणांनी अंगठा दिला. पुस्तक काढलं तेव्हा मला एवढे मिळाले नव्हते.

मग 7.40 वाजले. काकांनी स्क्रीनशॉट टाकला: मुलाच्या नंबरवर 'लास्ट सीन 7.40'. ग्रुप सरळ दोन पक्षांत फुटला. फोन चालू आहे म्हणजे पोरगा सुखरूप आहे, असं ए विंग म्हणाली. फोन चालू आहे आणि उत्तर नाही, म्हणजे फोन दुसऱ्याच्या हातात आहे, असं सी विंग म्हणाली. सी विंगचं म्हणणं बरोबर निघालं. फोन दुसऱ्याच्याच हातात होता. अभ्यासावरून बापाने तो दुपारीच काढून घेऊन फ्रिजवर ठेवला होता आणि 7.40 ला आई त्यातून पोराच्या मित्रांचे नंबर शोधत होती. ती ऑनलाइन दिसताच अनोळखी माणसांनी तिला विचारायला सुरुवात केली, 'तू कोण आहेस? पोराला सोड.' नंबर शोधायचे सोडून बाई रडत बसली.

तिला पोलिसांकडे जायचं होतं. ग्रुपने कायदा समजावला: चोवीस तास झाल्याशिवाय तक्रार घेत नाहीत. हा कायदा कुठल्याही पुस्तकात नाही. तो हिंदी सिनेमात आहे. 10 मे 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर नेमकं उलट सांगितलं आहे. मूल हरवल्याची तक्रार आली की लगेच गुन्हा नोंदवायचा आणि उलट काही सिद्ध होत नाही तोवर अपहरण किंवा मानवी तस्करी झाली आहे असं धरूनच तपास सुरू करायचा. 1098 हा मुलांसाठीचा नंबर आहे, 112 सगळ्यांसाठीचा. एकशे चाळीस जणांच्या ग्रुपवर तीन तासांत हे दोन आकडे कोणी लिहिले नाहीत. गाड्यांचे नंबर सोळा लिहिले.

आमच्या पिढीने गुप्तहेर वाचले नाहीत असं नाही. बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार आम्ही उशीखाली ठेवून वाढलो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे तर पोराच्याच वयाचा. पण तो सायकल काढायचा, पडायचा, खरचटायचा. आमचा तपास सोफ्यावर चालतो आणि त्यात फक्त अंगठ्याला श्रम होतात.

खाली उतरला तो एकच माणूस, आमचा वॉचमन. त्याला ग्रुपमध्ये घेतलेलं नाही, कारण मागे एकदा त्याने पगाराचं विचारलं होतं. त्याने बॅटरी घेतली, रिक्षा स्टँडवर गेला आणि शेअर रिक्षावाल्यांना एकेक करून विचारलं. तिसऱ्याने सांगितलं, निळ्या सॅकचा पोरगा चारला वापीला उतरवला, स्टेशनच्या बाजूला. हे त्याने येऊन पोराच्या बापाला सांगितलं. बाप स्कूटर काढून वापीला गेला. ग्रुपला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. ग्रुप तेव्हा इकोचा रंग पांढरा की मोतिया यावर होता.

मी गेटपाशी उभा राहून टाइप करत होतो. वॉचमन वारली, खानवेलच्याही पलीकडच्या हद्दीवरच्या पाड्यातला. त्याने विचारलं, 'काय लिहिता साहेब?' मी म्हणालो, 'त्या पांढऱ्या गाडीचं.' तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'गाडीचं नका लिहू.'

त्याच्या पाड्यावरून खाली उतरलं की पालघर जिल्हा लागतो आणि गडचिंचले लागतं. 16 एप्रिल 2020. टाळेबंदी. कांदिवलीहून दोन साधू गुरूंच्या अंत्यविधीसाठी सुरतेला निघाले होते, सोबत गाडीचा चालक. हमरस्ता टाळून आडवाटेने आले, आमच्या दादरा-नगर हवेलीच्या हद्दीवर अडवले गेले, मागे फिरले आणि गडचिंचल्याच्या नाक्यावर सापडले. गावोगाव पोरं पळवणारी टोळी फिरते आहे, रात्री येते, किडन्या काढते, असं फोनवर फिरत होतं. दोनच दिवस आधी त्याच टापूत मदत घेऊन गेलेल्या एका डॉक्टरवर आणि सोबतच्या पोलिसांवर जमाव चालून गेला होता. त्या रात्री तीन माणसं पोलिसांच्या डोळ्यांदेखत मारली गेली. पोरं पळवल्याची फक्त अफवा होती. पळवलं गेलेलं पोर नव्हतं.

आमच्या या हद्दींची एक गंमत आहे. दादरा आणि सेलवास यांच्या मध्ये गुजरातचा पट्टा येतो. नगर हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गुजरातचं गाव आहे. 1954 साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालला दमणहून इथे यायला वाट उरली नाही. म्हणून तो हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि 12 एप्रिल 1960 रोजी निकाल लागला. खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सामान यांना पोर्तुगालचा वाटेचा हक्क होता. फौजेला, हत्यारबंद पोलिसांना आणि दारूगोळ्याला नव्हता. भारताने काही गैर केलं नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. साठ वर्षं आणि चार दिवसांनी त्याच मुलखाच्या हद्दीवर खासगी माणसांना परत पाठवलं गेलं आणि दारूगोळा खिशाखिशातून बिनपरवाना पलीकडे गेला. त्या वाटेवर नाकाच नव्हता.

नाका बसवण्याचे प्रयत्न झाले. जुलै 2018 मध्ये व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे ढकलता येईल असं केलं. 1 जुलैला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याच्या आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातल्या पाच जणांना पोरं पळवणारे म्हणून ठेचून मारलं होतं, त्यानंतरची ही जाग. एप्रिल 2020 मध्ये फार फिरलेला मेसेज एका वेळी एकालाच पाठवता येईल असं केलं. एकेक करून पाठवताना माणूस कंटाळेल, असा कंपनीचा अंदाज. आमची चिकाटी कंपनीने पाहिलेली नाही.

2018 च्या त्या हंगामात फिरलेल्या पुराव्यांतला एक व्हिडिओ मला आठवतो. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या पोराला उचलून नेतात. तो कराचीचा होता. तिथल्या रोशनी हेल्पलाइनने मुलं जपा हे सांगण्यासाठी तयार करवून घेतलेला. शेवटी ते दोघे पोराला परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात. तेवढी शेवटची काही सेकंदं कोणीतरी कापली. पोर परत आलेलं कोणाला नको असतं, हे त्या कापणाऱ्याने बरोबर ओळखलं होतं.

गडचिंचल्यानंतर तपास थांबला असंही नाही. उलट खरा रंग तेव्हा चढला. थरथरत्या व्हिडिओत कोणीतरी ओरडलं. देशभरच्या लोकांनी हेडफोन लावून ऐकलं आणि 'शोएब' हे नाव शोधून काढलं. शब्द होते 'ओय बस'. थांबा म्हणणारा आवाज मारणाऱ्याचा ठरला आणि त्याला धर्मही मिळाला. 22 एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांना अटक केलेल्या 101 जणांची यादी जाहीर करून यात एकही मुसलमान नाही असं सांगावं लागलं. मग यादीतली आडनावं वाचण्याचा नवा तपास सुरू झाला.

आपण अडाणी म्हणून असं होतं, अशी कोणाची समजूत असेल तर ती काढून टाकतो. 2013 मध्ये बॉस्टनला स्फोट झाले, तेव्हा इंटरनेटवरच्या हौशी हेरांनी एका भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याला बॉम्बवाला ठरवलं. तो महिनाभर आधीपासून बेपत्ता होता. त्याला शोधायला घरच्यांनी फेसबुकवर जे पान उघडलं होतं, त्यावरच शिव्यांचा पाऊस पडला आणि ते पान त्यांना बंद करावं लागलं. 23 एप्रिलला त्याचा मृतदेह नदीत सापडला. जून 2024 मध्ये टेनेरीफ बेटावर 19 वर्षांचा एक ब्रिटिश मुलगा हरवला, तेव्हा काही हौशी मंडळी कॅमेरे घेऊन बेटावर पोचली आणि बाकीच्यांनी घरबसल्या त्याच्या मित्रांना आरोपी केलं. 15 जुलैला तो एका घळीत मृतावस्थेत सापडला. पुढे कोर्टात अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली. ही दोन्ही माणसं शिकलेल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, शंभर टक्के साक्षर ग्रुपच्या हाती लागली होती.

असो. आमचा पोरगा रात्री सव्वानवाला घरी आला. वापी स्टेशनच्या बाकावर बसून गाड्या मोजत होता. मुंबईला जायचं ठरवून निघाला होता, पण खिशात तीस रुपये होते आणि वडापाव खाल्ल्यावर दहा उरले. बाप तिथे पोचला, काही बोलला नाही, शेजारी बसला. दोघांनी आणखी दोन गाड्या जाऊ दिल्या आणि मग निघाले. हे मला वॉचमनने सांगितलं.

ग्रुपवर आईने लिहिलं, 'मुलगा सुखरूप घरी आला. सर्वांचे आभार.' तीन अंगठे. इकोवर एकशे अकरा मेसेज होते. काकांनी थोड्या वेळाने विचारलं, 'मग ती गाडी कोणाची?' हा प्रश्न आमच्याकडे अजून प्रलंबित आहे. माझ्या दमणच्या धाग्याबद्दल कोणी काही बोललं नाही, मीही बोललो नाही. काकूंनी मात्र मला जिन्यात गाठून हळूच सांगितलं, वापी कशाला, पोरगा दमणलाच होता, घरचे लपवताहेत. मी म्हणालो, 'असेल.'

दुसऱ्या दिवशी अमरावतीच्या मेहुण्याचा फोन आला, 'अरे, तुमच्याकडचं पोर सापडलं का?' तो फोटो खानदेशमार्गे विदर्भात पोचला होता. तिसऱ्या दिवशी तो माझ्याच शाळेच्या ग्रुपवर परत आला, वर नवी ओळ जोडून: 'आज सकाळपासून बेपत्ता.' तो रोजच आज सकाळपासून बेपत्ता होतो. परीक्षेला बसेल, कॉलेजात जाईल, मिशी ठेवील, कधीतरी त्याचं लग्न ठरेल, आणि कुठल्यातरी ग्रुपवर तो निळी सॅक घेऊन हरवलेलाच असेल.

शेवटी पोरानेच उपाय केला. काल बापाने फोन परत दिला, तेव्हा त्याने घरात सेल्फी काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'मी घरी आहे. कृपया माझा फोटो पुढे पाठवणं थांबवा.'

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही. मग काकांचं आलं: 'फोटो आजचाच कशावरून?' ए विंगने फोटो मोठा करून पाहिला. सी विंग म्हणाली, उजेड सकाळचा आहे आणि पोरगा म्हणतो संध्याकाळ. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, 'त्यांच्याकडे पडदा हिरवा होता. यात निळा आहे.'

मी उठून खिडकीशी गेलो आणि समोरच्या बी विंगकडे पाहिलं. पडदा खरंच बदलला होता.