नवं-जुनं

वर्ष नेमकं कधी संपतं, यावर आमच्या घरात एकमत नाही. मुलीचं ३१ डिसेंबरला संपतं, आईचं पाडव्याच्या आदल्या दिवशी, दुकानदार मेव्हण्याचं दिवाळीत वहीपूजनाला. मी बँकेचा शाखा व्यवस्थापक. माझं वर्ष इंग्रज सरकारनं १८६७ साली ठरवून ठेवलंय. ते ३१ मार्चला संपतं, आणि जाता जाता मलाही अर्धा संपवून जातं. २०२५ साली रविवारी पाडवा, सोमवारी ईद आणि त्याच सोमवारी क्लोजिंग. घरची गुढी आईनं उतरवली. मी शाखेत थकबाकीची यादी उतरवून घेत होतो.

तालुक्याच्या गावात मार्च म्हणजे पीककर्जाचं नवं-जुनं करायचा महिना. वेळेत भरलं तर व्याजात सवलत मिळते. म्हणून शेतकरी कुठून तरी, कधी सावकाराकडूनसुद्धा, आठ दिवसांच्या बोलीवर पैसे उभे करतो, जुनं कर्ज भरतो आणि नवं उचलून त्याचे त्याला देऊन टाकतो. कागदावर कर्ज फिटतं. त्यालाही ठाऊक असतं, मलाही ठाऊक असतं, की मुद्दल जागच्या जागी आहे; बदललंय ते फक्त साल.

ठेवींचंही तेच. ओळखीचा व्यापारी एकतीसला पैसे ठेवतो, दोन तारखेला काढून नेतो. मधल्या काळात माझी शाखा श्रीमंत असते.

अशा धामधुमीतच वरच्या कार्यालयाचा स्वमूल्यमापनाचा फॉर्म येतो. ‘वर्षभरात आपण काय शिकलात?’ रात्री साडेनऊला, ताळेबंद जुळत नसताना, माणूस काय शिकलेला असणार? मी गेल्या वर्षीचा फॉर्म उघडला आणि साल बदललं. ‘सुधारणेस वाव’ या रकान्यात ‘सहकाऱ्यांना अधिक वेळ देणे’ असं होतं. वाक्य चांगलं होतं, तसंच ठेवलं. माझंही नवं-जुनं झालं.

तेवढ्यात समोरच्या टेबलावरच्या बाईंकडे नजर गेली. गेल्या मार्चमध्ये त्यांनी मुलीच्या बारावीसाठी रजा मागितली होती. मी म्हणालो होतो, “बाई, मार्च आहे. पुढच्या वर्षी नक्की.” या मार्चमध्ये मुलाची दहावी होती. मी म्हणालो, “एप्रिलमध्ये बघू.” दोन्ही वेळा त्या “बरं साहेब,” म्हणाल्या आणि व्हाउचरांचा गठ्ठा पुढे ओढला.

बँकेचा नियम मला झोपेतही पाठ आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. पिकाच्या कर्जाला सवलत जास्त, दोन हंगाम. बाईंना दिलेल्या शब्दावरून खरीप गेला, रब्बीही गेला. दुसऱ्या कुणाचं खातं असतं, तर एव्हाना मी जीप काढून त्याच्या दारात उभा राहिलो असतो.

एक एप्रिलला ग्राहकांना शाखा बंद असते. मी बाईंना केबिनमध्ये बोलावलं आणि मोठ्या मनानं म्हणालो, “बाई, आता खुशाल आठ दिवस रजा घ्या.”

त्या हसल्या. “परीक्षा संपली हो साहेब. आणि पुढच्या वर्षी घरात बोर्डाला बसणारं कुणी नाहीही.”

एवढं बोलून त्या नव्या वर्षाच्या रजिस्टरवर तारीख घालायला निघून गेल्या.