दात, चाल आणि भाव

दिवाळीत अकलूजच्या बाजार समितीच्या आवारात घोड्यांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक आधी दात बघून वय काढतं, मग चाल बघतं, भाव शेवटी. त्याच सुमारास दहावीच्या जुन्या बॅचांची गेट-टुगेदर असतात, कारण भाऊबीजेला मुली माहेरी आलेल्या असतात. मुली म्हणजे पन्नाशीच्या.

पद्धत तीच. दातांऐवजी कलप बघायचा, चालीऐवजी गाडी. भाव मात्र इथं पहिल्यांदा: ‘सध्या कुठं असतोस?’ हिंजवडी म्हणणाऱ्याला पुढची खुर्ची, यशवंतनगर म्हणणाऱ्याला मठ्ठा वाढायचं काम. सरांच्या पाया पडून रडतो तो नेमका छडी खाल्लेला. पहिल्या नंबरवाला येतच नाही; सरांनी त्याच्याबद्दल काय भाकीत केलं होतं, ते त्याला अजून पाठ आहे.

न येणाऱ्यांचं कारण ठरलेलं: ‘उसाला टोळी आलीय.’ गाळप हंगाम असा कामी येतो. एकाची टोळी तर सलग चार वर्षं त्याच दिवशी येते. त्याच्याकडे गुंठाभरही ऊस नाही, हे अख्ख्या बॅचला माहीत आहे. वर्गणी गोळा करणाऱ्याचे पाच हजार त्यानं थकवलेत, हे फक्त मला. वर्गणी मीच गोळा करतो.