मारिओला ओटीपी लागत नाही

घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रोज ‘शुभ सकाळ’चा जो गुलाब येऊन पडतो, तो किती केबीचा असतो ते एकदा बघा. मग हे ऐका: निन्टेंडोनं १९८५ साली काढलेला अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० केबीत बसतो. आठ जगं, बत्तीस स्टेजा, कासवं, किल्ले, डोक्यातून न जाणारं ते संगीत आणि शेवटी एकदाची सुटणारी राजकन्या, सगळं त्यात. काटकसर अशी की वरचा ढग आणि खालचं झुडूप हे एकच चित्र. ढगाला पांढरा रंग दिला, झुडपाला हिरवा. आपल्याकडे एकाच रस्त्याची दोन बिलं निघतात, तिथं एकाच चित्रात दोन कामं झाली.

आता माळशिरसच्या एसटी स्टँडवर अकलूजच्या गाडीची वाट बघणारं एखादं पोरगं घ्या. हातात आठ जीबी रॅमचा फोन, त्याचे हप्ते अजून चालू. आणि त्यावर ते खेळतंय काय? तोच मारिओ. नाहीतर ‘कॉन्ट्रा’. नाहीतर ‘मुस्तफा’. या मुस्तफाचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमनं तो १९९३ साली काढला, असं सांगायला गेलात तर पोरगं डायनोसॉर बघितल्यासारखं तुमच्याकडंच बघेल.

यावर जाणकारांचं उत्तर तयार असतं: स्मरणरंजन. बालपण आठवतं म्हणून लोक जुने खेळ खेळतात म्हणे. चाळिशीच्या माणसाबाबत हे खपून जाईल. पण हे पोरगं जन्मलं तेव्हा मारिओनं विशी ओलांडली होती. न जगलेलं बालपण कुणाला आठवणार? आणि ज्यांना आठवतं, त्यांनाही ते सोयीपुरतंच आठवतं.

नीट आठवलं तर काय दिसतं? घरात एकच टीव्ही, त्यावर हक्क वडिलांच्या बातम्यांचा. गेम खेळला की पिक्चर ट्यूब उडते, हा त्या काळचा सर्वमान्य सिद्धांत. त्याला पुरावा कुणी मागत नसे. हातात आलेला टीव्ही गेमही निन्टेंडोचा नव्हेच, त्याची स्वस्त नक्कल. कॅसेटवर छापलेलं ‘९९९९९९९ इन १’ आणि आत मोजून दहा-पंधरा खेळ. बाकीचे लाखो खेळ म्हणजे त्याच दहा-पंधरांचे अवतार. एकात मारिओ जरा जोरात पळे, दुसऱ्यात थेट तिसऱ्या स्टेजपासून सुरू होई. जाहीरनामे वाचून न दचकण्याची सवय आमच्या पिढीला तिथंच लागली.

कॅसेट चालली नाही की तोंडाजवळ नेऊन फुंकर मारायची. माळशिरसपासून मॅनहॅटनपर्यंत जगभरच्या पोरांनी एकमेकांना न विचारता हाच उपाय शोधला होता. प्रत्यक्षात फुंकरीनं काही होत नसे. कॅसेट काढून परत बसवली की आतल्या पट्ट्या नीट टेकत, एवढंच. उलट फुंकरीतल्या ओलाव्यानं त्या गंजत, आणि कंपनीही फुंकू नका म्हणून सांगत होती. पण गुण फुंकरीला आला की मग कंपनीचं कोण ऐकतो? वर, मारिओत खेळ साठवून ठेवायची सोय नव्हती. आठव्या जगात पोचावं आणि लाइट जावी. भारनियमनाच्या त्या वर्षांत आमच्या भागातल्या किती राजकन्या सुटायच्या राहिल्या, याची नोंद कुठल्याच खात्याकडं नसेल.

व्हिडिओ गेम पार्लरमधलं मशीन तर उघडउघड पैसे काढायलाच बनवलेलं. पहिली स्टेज गोडीगुलाबीची, दुसरीत धक्काबुक्की, तिसरीत असा बॉस की विचारू नका. लाइफ संपल्या की पडद्यावर उलटी मोजणी सुरू: नाणं टाक, नाहीतर ऊठ. खेळ अवघड होता तो काही कलेच्या ध्यासापोटी नव्हे. पोरगं लवकर मेलं की पुढचा रुपया लवकर येतो, हे गणित. तेव्हा ‘जुने खेळ किती निरागस’ म्हणून गळा काढणाऱ्यांनी जरा आवरतं घ्यावं. लूट तेव्हाही होती. फक्त लुटणाऱ्याला तुमच्या वडिलांचा खाते क्रमांक माहीत नव्हता. खिशातले चार रुपये संपले की खेळ संपला आणि पोरगं घरी.

आजचा खेळ फुकट असतो. म्हणजे आत शिरायला फुकट. आधी दोन जीबीचं अपडेट, मग ओटीपी, मग न वाचलेल्या अटी ‘मान्य आहेत’, मग तुमचे कॉन्टॅक्ट बघायची परवानगी. बंदूक हातात येईपर्यंत अकलूज येतं. आणि बंदूक आली तरी तिला सोनेरी रंग हवा, त्याचे पैसे निराळे.

इतकं करून तो खेळ तुमचा होतो का? २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारनं पबजीवर बंदी घातली आणि पैसे मोजून नटवलेले शिपाई पोरांच्या हातून गेले. पुढच्या वर्षी तोच खेळ बीजीएमआय नावानं आला, जुलै २०२२ मध्ये गायब झाला, मे २०२३ मध्ये परतला. एवढ्या कोलांट्या आमच्या पुढाऱ्यांनीही मारल्या नसतील. बरं, मारल्या असतील. आणि दर वेळी सरकारच मध्ये येतं असंही नाही. ‘द क्रू’ हा मोटारींचा खेळ युबिसॉफ्टनं ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद करून संपवला. दुकानात पूर्ण किंमत मोजलेल्यांच्या घरी डबा राहिला, खेळ गेला.

पत्त्यांचंच बघा. मायक्रोसॉफ्टनं १९९० साली विंडोज ३.० बरोबर सॉलिटेअर दिला, त्यामागं माउसनं चित्र ओढायची सवय लागावी हाही हेतू होता. पुढं एमएस-सीआयटीच्या वर्गांत आमच्याकडचे कित्येक गुरुजी त्याच पत्त्यांवर माउस धरायला शिकले. एकट्याचा डाव, पैशाचं नाव नाही. मग पत्त्यांना पैसे चिकटले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदीचा कायदा आला. त्याच्या महिनाभर आधीच विधान परिषदेत बसलेल्या राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांच्या मोबाइलवर पत्ते मांडलेले कॅमेऱ्याला दिसले होते. आपण रमी खेळत नव्हतो, असं ते म्हणाले. महिनाअखेर त्यांचं कृषी खातं गेलं आणि मिळालं कोणतं? क्रीडा. याहून तिरकस लिहिणं या सदराला झेपत नाही.

जुन्या, साध्या खेळाची ही ओढ माळशिरस तालुक्याला खरं तर कुणी समजावून सांगायला नको. २०२४ च्या विधानसभा निकालानंतर आमच्याच मारकडवाडीनं ठरवलं की मतदान यंत्रातून निघालेला आकडा पटत नाही, गावानं आपली चाचणी मतपत्रिकेवर घ्यावी. ३ डिसेंबरचा मुहूर्त धरला, तयारी झाली. प्रशासनानं जमावबंदी लावली, पोलीस आले, मतदान राहिलं आणि नेत्यांची मात्र गावात रीघ लागली. यंत्रात खोट असल्याचा आरोप निवडणूक आयोगानं फेटाळला. तो वाद इथं उकरायचा नाही. गावाचं मागणं काय होतं तेवढं बघा: आम्हाला कळेल, आमच्यासमोर उघडून मोजता येईल, असं काहीतरी द्या.

स्टँडवरच्या पोराचं मागणं याहून वेगळं नाही. मारिओ मेला तर का मेला ते दिसतं: उडी उशिरा मारली. बटण आणि उडी यांच्यामध्ये कुणी बसलेलं नाही, ना सर्व्हर, ना ‘नेटवर्क समस्या’, ना पैसे भरून जड बंदूक घेतलेला समोरचा गडी. काल जो खड्डा जिथं होता तो आज तिथंच. रात्रीत नियम बदलले, असं कधी होत नाही. हरल्याचं खापर फोडायला कुणी नाही, याचा त्रास होतो खरा. पण जिंकल्यावर त्याचीच मजा येते.

आता यालाही बाजार चिकटलाच. ऑगस्ट २०२१ मध्ये अमेरिकेत ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची एक कॅसेट वीस लाख डॉलरला गेली. सीलबंद. म्हणजे तिच्यावर आजवर कुणीही एक उडी मारलेली नाही. अकलूज रोडला घेऊन ठेवलेला एनए प्लॉट आणि ती कॅसेट यांत फरक एवढाच, की प्लॉटवर निदान शेळ्या चरतात.

प्रेम बघायचं तर ‘क्रिकेट ०७’कडं बघा. ईए स्पोर्ट्सचा हा खेळ २००६ च्या नोव्हेंबरात आला, आयपीएल सुरू व्हायच्या आधी. त्या मालिकेत पुढचा खेळ आलाच नाही. पण लिलाव झाला की कुठलीतरी पोरं, कुणी न सांगता, फुकटात, नवे संघ आणि नवे कपडे घालून पॅच काढतात, आणि ग्राफिक कार्ड नसलेल्या सेकंडहँड कॉम्प्युटरवर यंदाची आयपीएल सुरू होते. कॉमेंट्रीला मार्क निकोलस आणि रिची बेनो. बेनो २०१५ साली वारले. तरी त्यांच्यानंतर बॅट धरलेल्या पोराच्या सिक्सरला ते आजही दाद देतात.

अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये पाहणी केली. तिथं २०१० च्या आधी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के तेव्हा बाजारात विकत मिळत नव्हते. कंपन्यांनी टाकून दिलेला हा वारसा जपला कुणी, याचं उत्तर आमच्याकडच्या प्रत्येक जुन्या हार्ड डिस्कमध्ये आहे. मूळ सीडी किती जणांनी विकत घेतली होती, ते मात्र विचारू नका.