जिऊजित्सूकर

आचऱ्याच्या तिठ्यावर चाकरमानी उतरतो तो चार कारणांनी: गणपती, रामनवमी, आंबे आणि कोर्टाची तारीख. कारण कोणतंही असो, सामान बघितलं की माणूस कळतो. बिस्किटांचे पुडे आणणारा जुन्या वळणाचा, ड्रोन आणणारा नव्या, आणि रिकामी पिशवी घेऊन येणारा निव्वळ आंब्याचा. अलीकडे यांच्यात एकाची भर पडली आहे. पाठीवरच्या सॅकमधून जाड पांढऱ्या कापडाची बाही आणि निळ्या पट्ट्याचं टोक लोंबताना दिसलं, की समजावं, जिऊजित्सूकर इलो.

वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे. नोकरी ऐरोलीच्या नाहीतर गोरेगावच्या काचेच्या इमारतीत. आठवड्यातल्या चार पहाटा अंधेरीच्या क्लासात, कुणाच्या तरी काखेत मान अडकवून. विद्येचं पूर्ण नाव ब्राझिलियन जिऊ-जित्सू. गावात तिला ‘जुजबी’ म्हणतात. यात टोमणा नाही, जीभ तेवढीच वळते.

त्याच्या बोटांना पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली असते, त्यामुळे कुर्लीचा डेंगा फोडायला त्याला आईची मदत लागते. डावा कान किंचित सुजलेला असतो. कोल्हापूरकडच्या पैलवानांचे कान असे असतात, पण पैलवानाला तो कान वाटेत मिळतो. हा त्याची वाट बघत बसलेला असतो. फोटो काढताना डावी बाजू पुढे करतो. आजी तेल कोमट करून आणते, तेव्हा दोन्ही हातांनी कान झाकून पळतो. कुणी ओळखीचा भेटला की उजव्या हाताने हस्तांदोलन करतो आणि डावा हात नकळत समोरच्याच्या कोपराजवळ बाही धरतो. त्याला वाटतं आपण जिव्हाळ्याने भेटतोय. हाताला वाटतं, पकड मिळाली. सत्यनारायणाला भटजी उपरणं गळ्याभोवती घेऊन बसले, तर पोथीतल्या साधुवाण्याचं काय झालं याकडे याचं लक्ष नसतं. हा उपरण्याची दोन टोकं बघत असतो.

त्याच्या त्या जाड पोशाखाला गी म्हणतात. कोरडा असताना दीड-दोन किलो, ओला झाला की विचारू नये. गणपतीत आमच्याकडे साधा पंचा दोन दिवस वाळत नाही. हे प्रकरण पडवीत काठीवर पाच दिवस लोंबत राहिलं आणि आरतीला येणाऱ्या मंडळींनी कापूर थोडा जास्त लावायला सुचवलं. शेवटी आजीनेच सगळं उचलून विहिरीवर नेलं, साबण लावला, धोंडीवर आपटलं. सोबत पट्टाही आपटला. जिऊजित्सूकर धावत आला तोवर आजोबांचे दोन पंचे फिकट निळे झाले होते.

“आजी, पट्टा धुवायचा नसतो! दोन वर्षांची विद्या असते त्यात!”

“विद्या खयची मेल्या, घाम तो! घरभर वास सुटलोहा.”

पट्टा न धुण्याची ही श्रद्धा जगभरच्या जिऊजित्सूकरांत आढळते. सगळे पाळतात असं नाही, पण सगळ्यांना ठाऊक असते. पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी, काळा अशी चढण आहे, प्रत्येक पट्ट्यावर चार आडव्या पट्ट्या मिळवायच्या, आणि काळ्यापर्यंत पोचायला साधारण दहा वर्षं लागतात. आजोबांनी हे शांतपणे ऐकून घेतलं. “दहा वर्सा? तेवढ्यात कलमाक आंबे धरून व्यापारी फसवून पण जाता.”

जेवणाची पानं वाढली की तो इतिहास सांगतो. मित्सुयो माएदा नावाचा जपानी जुदोपटू 1914 मध्ये ब्राझीलला पोचला, पुढे बेलेम शहरात स्थिरावला. तिथल्या ग्रेसी कुटुंबातला कार्लोस त्याच्याकडे शिकला, मग भावंडं शिकली, 1925 मध्ये रिओत त्यांनी शाळा काढली. धाकटा हेलिओ अंगाने किरकोळ. त्याने ताकद कमी आणि तरफ जास्त अशी या विद्येची घडण केली. हेलिओचा मुलगा रॉयस 1993 मध्ये अमेरिकेत डेन्व्हरच्या पहिल्या यूएफसीत उतरला आणि आपल्यापेक्षा दांडगे तिघे एकाच रात्रीत शरण आणले. या तीन लढती तो आमटीत बोट बुडवून ताटाच्या कडेवर काढून दाखवतो. पणजोबांची तिथी विचारली, तर आईकडे बघतो. 12 नोव्हेंबर 1993 विचारा, पाठ ताठ होते.

त्याला खरा श्रोता एकदाच लाभला. शाळेवर कागलकडचे एक गुरुजी आहेत, तरुणपणी तालमीत माती खाल्लेले. बदली होऊन समुद्राकाठी आले, इथे आखाडा नाही, पोरं कबड्डी खेळतात, त्यामुळे खांदे नुसते पडून. “दाखवा की तुमचं ब्राझील,” म्हणत त्यांनी लेंगा खोचला आणि खळ्यात खडाखडी घेतली. जिऊजित्सूकराने हाताला हात लावला, मुठीला मूठ टेकवली आणि लगेच खाली बसून पाठीवर आडवा झाला. पाय वर. गुरुजी दोन पावलं मागे सरले.

“काय झालं? चक्कर आली व्हय?”

“नाही गुरुजी. हा गार्ड.”

“पाठ टेकली नव्हं?”

“टेकली.”

“मग कुस्ती संपली. नारळ द्या ह्याला.”

इथे मला गुरुजींची बाजू घ्यावीशी वाटते, कारण आपल्याकडे शतकानुशतकं पाठ टेकणं म्हणजे हार. बाराव्या शतकातल्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लासा’त मल्लांचा खुराक, सराव आणि डाव यांवर आख्खं प्रकरण आहे, आडवं पडून पाय वर करणाऱ्याला दरबारात काय मिळालं असतं याची कल्पना करवत नाही. पण जिऊजित्सूकराचं म्हणणंही खोटं नाही. खाली पडलेल्याने दोन्ही पायांनी वरच्याची कंबर वेढली, की वरचा वर राहून अडकतो. त्याने एक हात पुढे टाकला, तर तो हात जातो. मान खाली घातली, तर मान जाते. गुरुजी उत्साहाने वाकले आणि त्यांचा एक हात व मान दोन्ही एकदम याच्या मांड्यांच्या त्रिकोणात गेले. सुटल्यावर ते बराच वेळ मान चोळत होते. मग म्हणाले, “डाव चांगला आहे. पण बारक्यानं मोठ्याला पाडायचं, एवढं ऐकायला ब्राझीलला कशाला जायचं? खाशाबा आमच्या कराडकडचा. 1952 ला हेलसिंकीत कांस्यपदक. केवढासा होता?” त्यानंतर दोघे संध्याकाळभर ढाक, घिस्सा, मोळी, किमुरा, ओमोप्लाता असं काहीबाही बोलत खळ्यात एकमेकांचे हात पिळत राहिले. शेणाने सारवलेलं खळं दुसऱ्या दिवशी पुन्हा सारवावं लागलं.

इथवर गावाला काही खटकलं नव्हतं. मुंबईहून येणारा काहीतरी घेऊन येतोच. खटकलं ते वेगळंच.

क्लासात तास कसा जातो हे तो एकदा सांगत होता. आधी जमिनीवर कमरेने मागे मागे सरकायचा व्यायाम. मग मास्तर एक डाव दाखवतात. तो जोडीदारावर सावकाश, पुन्हा पुन्हा, दोन्ही बाजूंनी घोटायचा. शेवटी पाच-पाच मिनिटांच्या खऱ्या झटापटी. त्यात मानेला विळखा बसतो. श्वास कोंडत नाही, मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दबतात आणि काही सेकंदांत डोळ्यांपुढे अंधारी येते. ती यायच्या आत समोरच्याच्या अंगावर हाताने दोन-तीनदा थोपटायचं. याला टॅप म्हणतात. टॅप केला की समोरचा त्या क्षणी सोडतो, हसतो, मुठीला मूठ लावतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

“परवा सात वेळा टॅप केलं,” जिऊजित्सूकर अभिमानाने म्हणाला. “त्यात तीनदा तर एका कॉलेजच्या मुलीला. पन्नास किलोची असेल.”

पडवीत शांतता पसरली. आजोबांनी सुपारी कातरायची थांबवली.

“म्हणजे तू पैसे भरून हरतस?”

या प्रश्नामागे काय आहे हे घाटावरच्या माणसाला कळणार नाही. यांच्या आणि पलीकडच्या चुलत घराच्या मधल्या गडग्यावर एक फणस होता. फणस कुणाचा, यावर दोन पिढ्यांपूर्वी दावा पडला. वादी गेले, प्रतिवादी गेले, दोन्हीकडचे वकील गेले. पुढे एका वादळात फणसही गेला. दावा आहे. तो आता फणस जिथे होता त्या जागेचा आहे. दोन्ही घरांत बोलणं नाही, वाढदिवसाचा केक गडग्यावरून जात नाही, पण तारखेला दोघे एकाच एसटीने जातात आणि एक तिकीट काढताना दुसरा त्याला सुटे पैसे देतो. अशा घरातला मुलगा मुंबईत जाऊन एका पहाटेत सात वेळा शरण येतो आणि खुशीत नाश्ता करतो, हे आजोबांना पचेना.

मग गावपळण आली. श्री देव रामेश्वराचा कौल झाला, की तीन दिवस, तीन रात्री आख्खं आचरा वेशीबाहेर. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळी. घरांना कुलपं, शेजारच्या गावांच्या हद्दीत झोपड्या, रात्रभर भजनं, पत्ते, फुगड्या, गजाली. मुंबईकर याला मुद्दाम रजा काढून येतात. आणि वेशीबाहेर गडगा नसतो, त्यामुळे ज्याला जिथे जागा मिळेल तिथे तो झोपडी ठोकतो. यांची आणि पलीकडच्यांची झोपडी शेजारी शेजारी आली. मध्ये फक्त एक गवताची उडवी.

दुसऱ्या दिवशी जिऊजित्सूकराने त्याच गवतावर ताडपत्री पसरली आणि क्लास काढला. पोरं जमली. ती कमरेने मागे सरकायला लागली तशी दोन कोंबड्या घाबरून वायंगणीच्या दिशेने गेल्या. मग गर्दीतून पलीकडचा चुलतभाऊ पुढे आला. हा चिऱ्याच्या खाणीवरचा गडी. दिवसभर चिरे उचलून गाडीत टाकणारा, मनगट म्हणजे वासा. एक शब्द न बोलता ताडपत्रीवर उभा राहिला.

जिऊजित्सूकर बसला. चुलतभाऊ वरून कोसळला. पहिलं मिनिट नुसता गवताचा आवाज आला. मग खालचा हळूच बाजूला सरकला, एक पाय वरच्याच्या चेहऱ्यावरून फिरवला, आणि चिरे उचलणारा तो हात दोन मांड्यांच्या मध्ये सरळ ताणला गेला. अंगठा आभाळाकडे, कोपर याच्या ओटीपोटावर, कंबर किंचित वर. पुस्तकात छापावा असा आर्मबार.

“टॅप कर.”

गप्प.

“अरे थोपट, कोपर जाईल.”

“जावंदे.”

झोपडीतून चुलतकाका धोतर सावरत बाहेर आले. “झिला, थाप देव नको! तुझ्या आजान वीतभर जमीन सोडूक नाय, तू हात सोडतलस?”

याला तोड फक्त एकच. 1951 मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये जपानच्या मासाहिको किमुराने हेलिओ ग्रेसीचा हात वेगळ्या डावाने, पण असाच हट्टापायी पिळला गेला. हाड मोडलं, हेलिओने शरणागती दिली नाही. शेवटी थोरला भाऊ कार्लोस मध्ये पडला आणि लढत थांबली. त्या डावालाच आज किमुरा म्हणतात. मला तर वाटतं, हा हेलिओ मूळचा आमच्याकडचाच असणार. फरक एवढाच, की आमच्याकडे मध्ये पडणारा भाऊच प्रतिवादी असतो.

क्लासातला पहिला नियम, जोडीदाराचा हात मोडायचा नाही. जिऊजित्सूकराने ते सांगून बघितलं, विनवून बघितलं, आणि सोडला. चुलतभाऊ उठला, अंगावरचं गवत झटकलं. पलीकडच्या झोपडीत “सुटलो, सुटलो!” असा एकच गलका झाला आणि चहा टाकला गेला. आपण जिंकलो होतो हे जिऊजित्सूकर पुढे अर्धा तास, माएदापासून सुरुवात करून, भेटेल त्याला समजावत होता. वडीलधाऱ्यांनी मान डोलावली. अपील दाखल करून घेतल्यावर डोलावतात तशी. आजोबा मात्र नातवाकडे बघेनात. संध्याकाळी पेज वाढली तेव्हा चुलतभाऊ डाव्या हाताने जेवत होता. अंधार पडल्यावर जिऊजित्सूकर उडवीला वळसा घालून गेला, त्याच्या कोपराला आपली पांढरी चिकटपट्टी बांधून आला, आणि कुणी बघितलं नाही असं दोन्ही झोपड्यांनी ठरवलं.

भजन सुरू झालं तसं आजीने त्याला बाजूला बोलावलं.

“ह्या सगळा ताकदीचा नाय मां?”

“नाही आजी, तंत्र.”

“वय, वजन काय्येक नाय?”

“काही नाही. हेलिओ नव्वदी ओलांडल्यावरसुद्धा मॅटवर होता.”

आजीने पदर खोचला. उडवीपलीकडे तिची चुलत जाऊ डुलत डुलत टाळ वाजवत होती, तिकडे एकदा बघून घेतलं.

“मगे माका ता मानेचा शिकव.”

“आजी, कुणासाठी?”

“तुका कित्याक व्हयो चौकशे? तू दाखव वायच. आणि ता थोपटूचा शिकवू नको. ता माका लागूचा नाय.”