रोड टच जमीन आणि मामा

भोपाळच्या मराठी माणसाला निवृत्तीच्या सुमारास दोन गोष्टी होतात. गुडघे दुखू लागतात आणि शेती करावीशी वाटते. पहिलीवर निदान गोळ्या मिळतात.

याला इतिहास आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला नवा मध्य प्रदेश झाला, भोपाळ राजधानी झालं आणि नागपूर, ग्वाल्हेर, इंदूरहून फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर मराठी कारकूनही इथे येऊन उतरले. तात्या टोपे नगरातल्या, म्हणजे अख्ख्या भोपाळच्या टीटीनगरातल्या, सरकारी क्वार्टरमागे त्यांनी कढीपत्ता, अळू आणि पपईचं एखादं झाड लावलं. पुढची पिढी फ्लॅटमध्ये गेली आणि अळू कुंडीत आलं. आपले मामा या कुंडीवाल्या पिढीचे.

त्यातून त्यांना कुणीतरी कायदा सांगितला. महाराष्ट्रात कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे शेतजमीन घ्यायची तर घेणारा मुळात शेतकरी असावा लागतो. मध्य प्रदेशात तशी अट नाही. पुण्याचे मेहुणे वडिलोपार्जित सात-बाराच्या जोरावर आयुष्यभर मिशीला पीळ देत आले होते, त्यांच्याशी बरोबरी करायची ही एकमेव संधी होती. "आधी जमीन घेऊ, मग शेतकरी होऊ," मामांनी जाहीर केलं.

"त्याच्या आधी सकाळी सातला उठायला लागा," मामी म्हणाल्या.

तर मोहीम निघाली. मामांना हवा होता देखावा, मामींना बारमाही पाणी आणि भाच्याला नेटवर्क. भाचा पुण्याच्या कंपनीचं काम भोपाळमधून करतो. ते गावातूनही होईल, असं त्याला अजून वाटत होतं. चौथे होते जमिनीचे दलाल. त्यांच्या शब्दकोशात दोनच शब्द: "रोड टच". शेत डांबरी रस्त्यापासून अर्धा किलोमीटर आत असलं तरी ते रोड टच असतं, कारण कधी ना कधी रोड होणारच असतो. आणि कुठलीही जागा भोपाळहून "बस, बीस मिनट". ही वीस मिनिटं पहाटे चार वाजता, मोकळ्या रस्त्यावर, बहुधा पोलिसांच्या जीपने मोजलेली असतात.

पहिली स्वारी पश्चिमेला, सिहोरकडे. पुण्या-मुंबईच्या वाण्याकडे "एमपी सिहोर" म्हणून जो गहू मिळतो, त्याचं हे माहेर. इथल्या काळ्या जमिनीत, बेताच्या पाण्यावर शरबती गहू पिकतो. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एका शेतकऱ्याने घरातून मूठभर दाणे आणून मामींच्या तळहातावर ठेवले. टपोरे, सोनेरी, उन्हात चकाकणारे. मामींनी एक दाणा दाताखाली फोडला आणि मान डोलावली. मामांनी लगेच विचारलं, "जमीन देणार का?" शेतकरी हसला. म्हणाला, "गेहूँ जितना चाहिए, ले जाइए." शहाणा माणूस गहू विकतो, जमीन नाही. जी विकाऊ होती ती पुढे, आणखी आत, जिथे शेतकऱ्याचाही गहू उगवायला कुरकुरत होता.

तिथे भाच्याने मोबाइल डोक्यावर धरून बांधाला प्रदक्षिणा घातली. एका बाभळीखाली दोन दांड्या आल्या. "ऑफिस इथेच बांधू," मामा म्हणाले. मग विजेचा विषय निघाला. मध्य प्रदेशात गावठाणाचा फीडर वेगळा आणि शेतीचा वेगळा. गावात चोवीस तासांचं धोरण, शेतीला दिवसाला दहा तास, तेही पाळीने. पाळी रात्रीची आली की शेतकरी रात्री उठून पंप सुरू करतो. म्हणजे शेतात घर बांधून शेतीच्या तारेवर लॅपटॉप चालवायचा, तर कंपनीची मीटिंग रात्री दोन वाजता ठेवावी लागेल. भाचा म्हणाला, "अमेरिकेचे क्लायंट खूश होतील." पण आवाजात दम नव्हता.

दुसरी स्वारी उत्तरेला. बैरसिया रोडवर नबीबागेत देशाची भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे, १९८८ पासूनची, आणि शेजारीच १९७६ ची केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्था. मातीचे आणि अवजारांचे इतके जाणकार हाताशी असताना जमीन डोळ्यांनी पारखायची म्हणजे अन्याय, हे मामांना पटलं. परंतु रविवार असल्याने फाटक बंद होतं. याच बाजूला पाण्याचा प्रश्न गमतीचा राहत नाही. युनियन कार्बाइडच्या जुन्या कारखान्याभोवतालच्या वस्त्यांत भूजल दूषित झाल्याचं वर्षानुवर्षं नोंदलं गेलं आहे. त्यामुळे बोअरचं पाणी प्रयोगशाळेतून तपासून घ्या, हे भोपाळकराला वेगळं सांगावं लागत नाही. मामींनी घरून रिकामी बाटली आणलीच होती.

पुढे विदिशाच्या रस्त्यावर दीवानगंजजवळ कर्कवृत्त रस्ता ओलांडतं. तिथे खूण करून ठेवली आहे आणि येणारा-जाणारा एक पाय समशीतोष्ण कटिबंधात ठेवून फोटो काढतो. मामांनीही काढला. मे महिन्याची दुपार होती. दोन्ही पाय सारखेच भाजले.

पुढच्या स्वारीत, भोजपूरला मात्र मामा हळवे झाले. अकराव्या शतकातलं राजा भोजाचं हे शिवमंदिर अपुरंच राहिलं. गंमत म्हणजे भोवतालच्या खडकांवर त्याचे आराखडे कोरलेले अजून दिसतात, दगड वर चढवायचा मातीचा उतारही मागे आहे. नकाशा तयार, माल साइटवर आलेला, आणि काम बंद. "बघ," मामा म्हणाले, "राजाचं बांधकाम हजार वर्षं रखडतं. आपल्या फार्महाउसला दोन वर्षं लागली तर बिघडलं कुठे?" इथे एके काळी भोजाने बांध घालून अफाट तलाव केला होता. पंधराव्या शतकात होशंगशाहाने तो फोडला. आख्यायिका अशी, की बांध फोडायला फौजेला तीन महिने लागले, तलाव रिता व्हायला तीन वर्षं आणि तळाची जमीन राहण्याजोगी व्हायला तीस. दलाल मात्र ती कालच तयार झाल्यासारखी दाखवत होते.

देखाव्याची हौस खरी फिटली ती दक्षिणेला, केरवा-कलियासोतच्या बाजूला. टेकड्या, धरण, सागवान. मामांनी खिशातून चेकबुक काढायचंच बाकी ठेवलं होतं. तेवढ्यात चहावाल्याने सहज सांगितलं, की या वाटेने रात्री "साहब" फिरतात. साहब म्हणजे कलेक्टर नव्हे, वाघ. भोपाळच्या वेशीवरचे वाघ ही दंतकथा नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात एक वाघ थेट मॅनिट या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात शिरला होता. रातापानीचं जंगल तर डिसेंबर २०२४ मध्ये रीतसर व्याघ्र प्रकल्प झालं आणि त्याला नाव दिलं गेलं डॉ. विष्णू श्रीधर वाकणकरांचं. नीमचमध्ये जन्मलेल्या या मराठी माणसाने १९५७ मध्ये आगगाडीच्या खिडकीतून खडक पाहिले आणि पुढच्या स्टेशनावर उतरून भीमबेटका शोधून काढलं.

ते भीमबेटकाही याच जंगलात. सातशेहून अधिक शैलाश्रय, २००३ पासून जागतिक वारसा. मामी एका खडकाखाली सावलीला बसल्या आणि हिशेब करू लागल्या: डोक्यावर दगडी छप्पर, झऱ्याचं पाणी, वारा खेळता, पूर येण्याची भीती नाही. "या लोकांनी जागा चांगली निवडली होती हो," त्या म्हणाल्या. "दलाल नव्हता ना," भाचा म्हणाला.

घाट उतरून नर्मदा ओलांडली की होशंगाबाद, आताचं नर्मदापुरम. शहर सोडून खेड्यात काम करायला गेलेल्यांचा खरा दाखला इथे आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी अनिल सद्गोपाल हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतलं काम सोडून या जिल्ह्यात आले आणि त्यांनी बनखेडीकडे 'किशोर भारती' उभी केली. १९७२ मध्ये रसूलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटरबरोबर त्यांनी सोळा शाळांत प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. ही मंडळी देखावा बघायला आली नव्हती. काम काय करायचं हे ठरवून आली होती. न नांगरता शेती करण्याचे प्रयोगही याच होशंगाबादेत झाले आणि १९८८ मध्ये जपानचे मासानोबु फुकुओका ते पाहून गेले. नांगरट नाही, रासायनिक खत नाही, निंदणी नाही, फवारणी नाही, हे ऐकून मामांचे डोळे पाणावले. अशीच शेती त्यांच्या मनात होती. ती कशी करायची, काय पेरायचं, कधी पेरायचं, माती झाकायची कशाने, हे ऐकल्यावर डोळे कोरडे झाले.

पाणी जास्त झालं तरी पंचाईत असते, हेही तिथेच कळलं. तवा धरणाचे कालवे आले आणि काळ्या जमिनी पाणथळ होऊ लागल्या, म्हणून १९७७ मध्ये इथे 'मिट्टी बचाओ' आंदोलन उभं राहिलं. काळी माती उन्हाळ्यात तडकते आणि पावसात फुगते. मे महिन्यात एका रोड टच प्लॉटवर मामांचा हात मनगटापर्यंत भेगेत गेला होता आणि त्यांनी "किती सच्छिद्र!" म्हणून कौतुक केलं होतं. ऑगस्टमध्ये तोच प्लॉट पुन्हा बघायला गेले, तेव्हा दहा पावलांत चपलांना इतका चिखल चिकटला, की मामांची उंची दोन इंचांनी वाढली. अकराव्या पावलाला एक चप्पल जमिनीने ठेवून घेतली. गाडी डांबरी रस्त्यावरच उभी होती, आणि सोयाबीनच्या शेतात रोह्यांचा कळप त्यांच्याकडे पाहत निवांत चरत होता.

शेवटी निकाल मामींनी दिला. सिहोरकडच्या एका गावात, गावठाणाच्या तारेवरचं, मागे परसू असलेलं घर वर्षभर भाड्याने घ्यायचं. शेत विकत घ्यायचं नाही. सध्या त्या परसात मेथी, वांगी आणि अळू आहे. भाच्याचं काम चालू आहे. आणि मामा रोज सातला नाही, पण साडेआठला उठतात.

भोपाळभोवती जमीन बघायला निघणाऱ्यांना इतकंच सांगणं: बोअर मे महिन्यात बघा, रस्ता ऑगस्टमध्ये. खसरा, खतौनी आणि नकाशा स्वतः तपासा, जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ चे निर्बंध आधी समजून घ्या, आणि तहसीलमधून सीमांकन झाल्याशिवाय विसार देऊ नका. आणि रविवारी जाऊ नका, पटवारी भेटत नाही.