केवढ्याला घेतली? (हायब्रीड सायकल घेऊ पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

सायकल घेण्याआधी किंमत ठरवून टाकावी. सायकलीची नव्हे, ती दुकानदार ठरवतो. लोकांना सांगायची किंमत. पुण्यात नवी सायकल जिन्याखाली उभी राहिली की पाच मिनिटांत पहिला ‘केवढ्याला घेतली?’ येतो, आणि तिथेच त-त-प-प झालं तर पुढचं सगळं मार्गदर्शन फुकट. समजा, खरी किंमत १८ हजार. आईला ११ सांगावी, सोसायटीतल्या काकांना १४, आणि रविवारी पहाटे सिंहगडाच्या पायथ्याशी घट्ट कपड्यांत उभ्या असलेल्या मंडळींना २५. आकडे चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवावेत. आई आणि काका एकाच वेळी खाली भेटले तर काय करावं, याचं उत्तर या मार्गदर्शकात नाही.

आता हायब्रीड म्हणजे काय, ते समजून घ्या. रेसर सायकलीची मोठी चाकं आणि माउंटन बाइकचं सरळ हँडल यांचं लग्न लावलं की हायब्रीड होते. टायरवर ७०० सी आणि त्यापुढे रुंदी लिहिलेली असते, बहुतेक ३५ ते ४० मिलिमीटर. रेसरवर पाठ जशी कमानीसारखी वाकते तशी हिच्यावर वाकत नाही, मान वर राहते, आणि कर्वे रस्त्यावर उलट्या दिशेने येणारा दुचाकीस्वार वेळेत दिसतो. माझ्या मते हायब्रीड घ्यायला हे एकच कारण पुरे आहे.

पायरी पहिली : दुकानात जा आणि खरं बोला. ही पायरी बहुतेकांना जमत नाही. सेल्समन विचारतो, “सर, यूज काय असणार?” घर ते ऑफिस सहा किलोमीटर, येताना भाजी, एवढं सांगायचं असतं. पण त्या चकाकत्या सायकलींच्या रांगेत उभं राहिलं की माणसाला काय होतं कोण जाणे. मी म्हणालो, “ऑफिस... आणि मग हळूहळू पुणे-गोवा वगैरे.” ‘वगैरे’ ऐकताच तो आत गेला आणि पुढे जाडजूड शॉकअप असलेली सायकल घेऊन आला. हँडल दाबून दाखवलं. खाली-वर, खाली-वर. “फुल कम्फर्ट, सर.” मीही दाबून पाहिलं. दुकानात शॉकअप दाबण्यात जो आनंद आहे तो पुढे रस्त्यावर कधीच मिळत नाही.

कारण साधं आहे. स्वस्त सायकलीतला शॉकअप म्हणजे नळीत घातलेली स्प्रिंग. वजन वाढवतो, आणि चढावर उभं राहून पॅडल मारलं की तुमचा जोर चाकाकडे जाण्याआधी आपणच थोडा खाऊन घेतो. खड्ड्यांची काळजी असेल तर साधा, न हलणारा फोर्क घ्या आणि टायर जरा रुंद घ्या. जाड टायरमधली हवा हाच गरिबाचा शॉकअप, आणि त्याची देखभाल पंपाने होते. शॉकअपसाठी मोजायचे पैसे मग बऱ्या ब्रेकवर आणि बऱ्या रिमवर जातात.

डिस्क ब्रेकबद्दलही असंच. पावसात रिम ओली झाली की रबरी ब्रेक उशिरा धरतात, हे खरं. खडकवासल्यातून पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली गेला आणि लांबून जाणं आलं, की डिस्कची आठवण होते. पण स्वस्त डिस्क जरा वाकली की चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ‘खर्र’ करते, आणि ते ‘खर्र’ काढणारा कारागीर प्रत्येक कोपऱ्यावर बसत नाही. त्या रबरी ब्रेकचे, म्हणजे व्ही-ब्रेकचे, रबर कुठेही मिळतात. बजेट तंग असेल तर चांगले व्ही-ब्रेक घ्या आणि पावसात दोन हात आधीपासून ब्रेक दाबायला शिका.

पायरी तिसरी (दुसरी कुठे गेली विचारू नका, दुकानातही कोणी क्रमाने सांगत नाही) : गिअर. “एकवीस गिअर आहेत, सर!” हे वाक्य तुमच्या कानावर पडेल. पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन साती एकवीस. पाढा बरोबर आहे, पण त्यातले बरेच गिअर एकमेकांचे सख्खे भाऊ असतात. जोर सारखाच लागतो, फक्त चेन दुसऱ्या वाटेने जाते. शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागचीही सगळ्यात मोठी चकती एकदम लावली की चेन तिरकी ताणली जाते आणि कुरकुरते. हा जोड लावायचा नसतो. रोजच्या रस्त्याला पुढची मधली चकती आणि मागच्या चार-पाच, एवढ्यावर माणूस पेन्शनीपर्यंत निभावतो. पुढे एकच चकती आणि मागे सात-आठ असलेली सायकल मिळाली तर ती घ्या. सेल्समन तुमच्याकडे दयेने पाहील, पाहू द्या.

गिअरबाबत एक गोष्ट मात्र मनावर घ्या, कारण मी भर चौकात ती शिकलो. गिअर बदलतो तो पॅडल फिरत असताना, उभ्या सायकलीवर नाही. सिग्नल दिसला की थांबण्याआधी हलका गिअर टाकायचा. मी जड गिअरवरच थांबलो. हिरवा लागला, मी पॅडलवर उभा राहिलो, सायकल मात्र जागची हलेना. मागे पीएमपीची बस होती. चालकाने हॉर्न वाजवला नाही, नुसतं खिडकीतून डोकं काढून पाहिलं, आणि ते हॉर्नपेक्षा जास्त लागलं.

माप. इथे घाई करू नका. सायकलीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभं राहा. दांडा आणि तुम्ही यांच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं. मग सीटची उंची. आपल्याकडे सगळ्यांना सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकायला हवे असतात, स्कूटरसारखे. तेवढी खाली सीट केली की गुडघे हनुवटीला भेटायला येतात आणि आठवड्याभरात डॉक्टरला. पॅडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवा, पाय सरळ झाला पाहिजे. म्हणजे चवड्याने पॅडल मारताना गुडघ्यात हलकासा बाक राहतो. थांबताना सीटवरून उतरून पुढे उभं राहायचं. माझ्या वडिलांची काळी चोवीस इंची सायकल होती. ते थांबताना एक पाय फुटपाथवर टेकवत आणि तसेच दहा मिनिटं बोलत उभे राहत. त्यांना हे कोणी शिकवलं नव्हतं, पण त्यांच्या काळी दुचाकी म्हणजे सायकलच होती.

आता दुकानात खाली बसा. हो, उकिडवे. मागच्या चाकाच्या आसाजवळ फ्रेमला छोटी भोकं आहेत का बघा. त्या भोकांत कॅरिअर आणि मडगार्ड बसतात. गाडीबरोबर बहुतेक वेळा दोन्ही येत नाहीत, कारण त्यांच्याशिवाय ती फोटोत चपळ दिसते. मडगार्ड नसलेल्या सायकलीवर जून महिन्यात ऑफिसला गेलात तर शर्टाच्या पाठीवर मानेपर्यंत एक सरळ चिखलाची रेघ उमटते, आणि दिवसभर लोक पाठीमागून तुमचा प्रवास वाचतात.

स्टँड, कुलूप, पुढचा-मागचा दिवा, हेल्मेट, पंप, हे सगळं वेगळं. १५ ते २५ हजारांत बरी हायब्रीड मिळते, पण बजेटातले निदान तीन हजार या फौजेसाठी बाजूला काढा. कुलूप बारीक तारेचं नको. ते चोरापेक्षा मालकाच्या समाधानासाठी असतं. घासाघीस करायची असेल तर सप्टेंबर २०२५मध्ये सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला, हे सहज बोलता बोलता काढा. सेल्समन म्हणेल, “सर, हा रेट ते धरूनच आहे.” मग निदान घंटी फुकट मागा.

हवेचं एक सांगतो. जुन्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा. हिचा बहुधा मोटारीसारखा असतो, म्हणून पेट्रोल पंपावर हवा भरता येते. तिथला मुलगा विचारतो, “किती?” स्कूटरच्या सवयीने ‘तीस’ म्हणू नका. टायरच्या कडेला आकडे छापलेले असतात, अनेकदा ५० ते ७५च्या दरम्यान. कमी हवेवर खड्ड्यात गेलात तर ट्यूब रिम आणि खड्डा यांच्यामध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी.

माझं हे तिसऱ्याच आठवड्यात झालं. वर गिअरही घसरायला लागले होते. नव्या केबल सुरुवातीला ताणून सैल पडतात, म्हणून महिन्याभरात एकदा दाखवायची असते, हे मला दुकानात कोणी बोललं नव्हतं. सायकल ढकलत कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्याकडे गेलो. पाकिटातली चिठ्ठी मनात उजळली. यांना किती सांगायची, १४ की ११?

त्यांनी ट्यूब काढली, पाण्याच्या घमेल्यात दाबली, बुडबुड्यांची जोडी बघून मान हलवली. दोन ठिगळं लावली. मग मागचं चाक उचलून पॅडल फिरवत मागच्या गिअरपाशी केबलवरचा छोटा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, आणि तीन दिवस चाललेली टकटक बंद झाली. चाक फिरत राहिलं. मी १४ ठरवली.

त्यांनी किंमत विचारलीच नाही. फिरणाऱ्या चाकाकडे बघत, आसाजवळच्या त्या रिकाम्या भोकावर बोट ठेवून म्हणाले, “साहेब, इथं कॅरिअर कधी बसवायचा?” आणि उत्तराची वाट न बघता नटबोल्टांचा डबा सतरंजीवर ओतला.