सुटी मिळत नाही

(तंजावर. मोठ्या देवळाबाहेर बाहुल्यांचं दुकान. गणिताच्या सरांचं घराणं व्यंकोजीराजांच्या काळापासून इथलंच. घरी मराठी, बाजारात तमिळ. फिजिक्सच्या मॅडम पुण्याच्या. विद्यार्थी सोलापूरचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दोन्ही विषयांत अरियर, म्हणजे आपल्याकडची केटी.)

विद्यार्थी : (राजाच्या बाहुलीला टपली मारतो. ती आडवी होते, उठते, डुलत राहते.) सर, ही पडत का नाही?

सर : हा प्रश्न गणिताचा नाही. मॅडमना विचार.

मॅडम : बुडाशी जड माती आहे. बूड अर्धगोल. त्या गोलाच्या केंद्राखाली गुरुत्वमध्य असला की बाहुली कलल्यावर तो वर उचलला जातो आणि परत खाली यायला बघतो. म्हणून उठते.

सर : (न राहवून) एवढं कशाला? स्थितिज ऊर्जेचा पहिला डेरिव्हेटिव्ह शून्य, दुसरा धन. मिनिमम!

विद्यार्थी : म्हणजे मॅक्सिमा-मिनिमा हिच्यासाठी होतं? तुम्ही तर कमीत कमी पत्र्यात डबा करायला लावला होता. अजून तोच ठोकतोय.

सर : डबा सिलॅबसमध्ये आहे. बाहुली नाही.

मॅडम : बाहुली माझ्याकडे. पहिल्या सेमिस्टरला, आंदोलनं.

विद्यार्थी : आणि डिफरन्शियल इक्वेशन?

सर : दुसऱ्या सेमिस्टरला.

विद्यार्थी : म्हणजे ढकलायची ऑगस्टमध्ये आणि का डुलली ते मार्चमध्ये कळणार.

मॅडम : तोवर मी सांगतेच ना, उत्तर असं येतं, पाठ करा.

सर : पाठ! (देवळाकडे बघून हात जोडतात.)

मॅडम : तुम्ही तरी काय सांगता? ओमेगा हा कॉन्स्टंट. कशाचा? बाहुलीचा, घड्याळाचा, की पुलाचा?

सर : कॉन्स्टंट कशाचा नसतो. कॉन्स्टंट असतो.

विद्यार्थी : मी एकच गणित दोन्ही पेपरांत सोडवलं. फिजिक्समध्ये सेकंद लिहिले नाहीत म्हणून मार्क कापला.

मॅडम : बरोबरच आहे.

विद्यार्थी : म्हणून मॅथ्समध्ये लिहिले. तिथे लाल शाईत शेरा : हे कुठून आले?

सर : आले कुठून पण?

मॅडम : बाहुलीतून! कोन लहान असला की साइन थीटाच्या जागी थीटा घ्यायचा, वेळ निघते.

सर : लहान म्हणजे किती?

मॅडम : लहान म्हणजे लहान हो.

सर : हे फिजिक्स आहे की चवीपुरतं मीठ?

विद्यार्थी : (मोबाइलवर) दहा अंशांना चूक साधारण अर्ध्या टक्क्याची. रेडियनमध्ये करून घेतलंय. अरियरवाल्याला वेळ असतो.

(दोघेही त्याच्याकडे पहिल्यांदाच नीट बघतात. फार काळ नाही.)

सर : रामानुजन इथून चाळीस किलोमीटरवरच्या कुंभकोणमचा, विसरू नका.

मॅडम : आणि रामन पलीकडच्या तिरुचिरापल्लीचे. मृदंगाचे स्वर इतके सुरेल का, हे त्यांनी १९२०मध्ये ‘नेचर’मध्ये छापलं. गणित लागलंच असेल की त्यांना.

सर : बघा, मान्य केलंत!

विद्यार्थी : रामानुजनची शिष्यवृत्ती गेली ती बाकीच्या विषयांत नापास झाल्यामुळे ना, सर? माझं बरं आहे, मी दोन्हीत समान आहे. (देवळाकडे बोट करून) त्या भिंतींवर हजार वर्षांपूर्वीचं तमिळ आहे आणि सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवलेलं मराठीही. भांडण नाही. आमच्याकडे एका फळ्यावर दोन विषय मावत नाहीत.

सर : फळ्यावर मावतील हो. पण तो तास कोणाच्या नावावर लागणार?

मॅडम : माझ्या.

सर : का म्हणून? (दुकानदाराकडे वळून, तमिळमध्ये भाव विचारतात.) वर्गात दाखवायला राजा नेतो मी.

मॅडम : मग मी राणी.

(दुकानदार मान हलवतो. सर त्याचं मराठी करून सांगतात.)

सर : म्हणतोय, राजा-राणी जोडीनेच मिळते. सुटी मिळत नाही.

मॅडम : घ्या मग जोडी. माझ्याकडे सुटे नाहीत.

सर : माझ्याकडेही नाहीत.

(दोघे विद्यार्थ्याकडे बघतात. तो पाकीट काढतो.)